‘बॅटल ऑफ अल्जीयर्स’ तटस्थ नाही

जिल्लो पोंतेकोर्व्हो यांच्या ‘द बॅटल ऑफ अल्जीयर्स’ची (१९६६) आपल्याकडे ओळख करून दिली जाते तेव्हा एक विशेषण हमखास येते : तटस्थ. फिल्म सोसायटीच्या पत्रकात ते असते, खेळानंतरच्या चर्चेत असते, चित्रपटविषयक लेखांतही असते. दिग्दर्शकाने फ्रेंचांना खलनायक केले नाही, अल्जीरियनांना देव केले नाही, दोन्ही बाजू सारख्याच अंतरावरून पाहिल्या आणि म्हणून हा चित्रपट मोठा, असा एकूण सूर असतो. हे कौतुक मला मान्य नाही. ते चुकीचे आहेच. शिवाय ज्या गोष्टीसाठी हा चित्रपट जपून ठेवावा, नेमकी तीच गोष्ट ते झाकून टाकते.

ज्या देशाची ही कथा आहे तिथे दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावरची जागा होती का, हे आधी पाहू. १८३० मध्ये फ्रेंच फौजा अल्जीयर्सला उतरल्या. पुढची सव्वाशे वर्षे सुपीक जमीन वसाहतवाल्यांकडे गेली आणि अल्जीरिया हा फ्रान्सचाच भाग असल्याचे जाहीर झाले. पण त्या भागात राहणाऱ्या मुसलमानांना फ्रेंच नागरिकाचे पूर्ण हक्क मिळाले नाहीत. १९४७ च्या कायद्याने १२० जागांची विधानसभा दिली. त्यांतल्या ६० जागा मुख्यतः युरोपीय मतदारांच्या, ६० उरलेल्या मुसलमानांच्या. लोकसंख्या होती साधारण १० लाख युरोपीय आणि ८० लाख मुसलमान. मुसलमानांच्या त्या ६० जागांच्या १९४८ च्या निवडणुकीतही प्रशासनाने उघड उघड हस्तक्षेप केला. त्याआधी, ८ मे १९४५ रोजी युरोप नाझींच्या पराभवाचा जल्लोष करत होता, त्याच दिवशी सेतीफमध्ये अल्जीरियन मिरवणुकीवर गोळीबार झाला. उसळलेल्या दंगलीत सुमारे शंभर युरोपीय मारले गेले. त्याचा सूड म्हणून लष्कराने आणि वसाहतवाल्यांच्या टोळ्यांनी सेतीफ-गेल्मा परिसरात हजारो अल्जीरियन मारले. १ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने (एफएलएनने) सशस्त्र लढा सुरू केला तो या पार्श्वभूमीवर.

यातले काहीच चित्रपट सांगत नाही. त्याची कथा १९५४ पासून सुरू होते. मागचे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला ‘दोन्हीकडून हिंसा’ तेवढी दिसते आणि तटस्थतेचा समज तिथूनच तयार होतो.

आता पडद्याकडे वळू. पहिल्याच दृश्यात छळाने मोडून गेलेला एक म्हातारा आहे. त्याने एफएलएनचा लढवय्या अली ला पॉइंत याचा ठावठिकाणा सांगून टाकला आहे. फ्रेंच सैनिक त्याला कॉफी देतात, लष्करी गणवेश चढवतात, ओळख पटवायला बरोबर नेतात. त्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहिल्यावर पुढचे दोन तास कोणाच्या बाजूने पाहायचे, हे दिग्दर्शकाने ठरवून टाकलेले असते. कॅमेरा कास्बाच्या, अल्जीयर्समधल्या जुन्या मुसलमान वस्तीच्या, घरांत शिरतो, चौकात, गच्चीवर, भिंतीमागच्या लपायच्या खोबणीत शिरतो. तिथल्या माणसांना नावे आहेत : अली, जाफर, छोटा ओमर. अलीला भूतकाळ आहे. तो भुरटा चोर होता, तुरुंगाच्या खिडकीतून त्याने एका कैद्याला गिलोटिनकडे नेताना पाहिले आणि तो बदलला. युरोपीय माणसे मात्र दिसतात ती कॅफेत, घोड्यांच्या शर्यतीत, सज्जांत. फ्रेंच लष्कराचा कर्नल मॅथ्यू सोडला तर त्यांच्यातल्या कोणाची आपल्याला नीट ओळख होत नाही. तीन बायका आरशासमोर केस कापतात, रंगवतात, युरोपीय पोशाख करतात आणि टोपलीत बॉम्ब घेऊन तपासणी नाक्यावरच्या रांगेत उभ्या राहतात. त्या वेळी प्रेक्षागृहात श्वास रोखला जातो, तो त्या पकडल्या जातील या भीतीने. प्रेक्षकाची भीती ज्या दिग्दर्शकाने एका बाजूला बांधून टाकली त्याला तटस्थ कसे म्हणायचे?

पोंतेकोर्व्हो हे पिसाच्या ज्यू कुटुंबातले. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीच्या भूमिगत प्रतिकारात होते आणि मिलानमध्ये तरुणांच्या तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले होते. ताबा घेतलेल्या शहरात निरोप कसे पोचवायचे, घरे कशी बदलायची, आपला माणूस पकडला गेला की किती तासांत सगळ्यांनी ठिकाण सोडायचे, हे त्यांनी अनुभवले होते. कम्युनिस्ट पक्षातून ते हंगेरीतल्या सोव्हिएत कारवाईनंतर, १९५६ मध्ये बाहेर पडले. वसाहतवादाबद्दलचे मत काही त्यांनी बदलले नाही. त्यांच्याबरोबरचे सादी यासेफ हे अल्जीयर्समधल्या एफएलएनचे लष्करी प्रमुख. त्यांना झालेली फाशीची शिक्षा पुढे रद्द झाली. फ्रान्सच्या तुरुंगात त्यांनी आठवणी लिहिल्या, स्वातंत्र्यानंतर ते चित्रपटाचे निर्माते झाले आणि जाफरच्या नावाने त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. अशा दोन माणसांच्या हातून दोन्ही डगरींवर हात ठेवणारा चित्रपट व्हावा, ही अपेक्षाच अजब आहे.

तटस्थतेचे समर्थक मग संगीताकडे बोट दाखवतात. एन्निओ मोरिकोने आणि पोंतेकोर्व्हो यांनी दोन्हीकडच्या मृतांवर शोकाचे सारखेच सूर ठेवले. कास्बातली घरे स्फोटाने कोसळल्यावर ढिगाऱ्यातून प्रेते काढतात तिथे आणि युरोपीय कॅफेतून प्रेते काढतात तिथेही. हे खरे आहे आणि चित्रपटातल्या सर्वांत थोर निर्णयांपैकी तो एक आहे. पण त्यातून सिद्ध काय होते? मेलेल्या माणसाचे दुःख सारखे आहे, एवढेच. ज्या कारणासाठी तो मेला ते कारण सारखे आहे, असे ते सूर सांगत नाहीत. घटनाक्रमही दिग्दर्शकाने नीट ठेवला आहे. १९५६ च्या जूनमध्ये दोन अल्जीरियन कैद्यांना गिलोटिनवर चढवले गेले. पॅरिसमध्ये समाजवादी गी मोले यांचे सरकार होते आणि न्यायमंत्री होते फ्रान्स्वा मित्तराँ. त्यानंतर अल्जीयर्समध्ये पोलिसांवर आणि युरोपीयांवर हल्ले झाले. १० ऑगस्टला संचारबंदीच्या वेळी कास्बातल्या रु द तेबमध्ये, लोक झोपलेले असताना, युरोपीय अतिरेक्यांनी बॉम्ब लावला. चित्रपटात तो पोलीस अधिकारीच नेऊन ठेवतो. कॅफेतले बॉम्ब आले ते त्यानंतर, ३० सप्टेंबरला. शोक दोघांचाही करायचा, पण कोणामागून कोण आले हे विसरायचे नाही, असा हा मांडणीचा हिशेब आहे.

दुसरा पुरावा म्हणून कर्नल मॅथ्यू पुढे केला जातो. त्याला राक्षस केलेले नाही, तो हुशार, सभ्य, आपल्या शत्रूचा आदर करणारा आहे, हेही खरे. मासू, बिजार, त्रँकिए अशा खऱ्या अधिकाऱ्यांच्या वळणावर घडवलेले हे पात्र. ते करणारे ज्याँ मार्तँ हे या चित्रपटातले एकमेव व्यावसायिक नट म्हणता येतील. अल्जीरियातल्या युद्धाला नकार देणाऱ्या १९६० च्या १२१ जणांच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली होती आणि त्यापायी कामही गमावले होते. आता पत्रकार परिषदेचे दृश्य पाहा. छळाबद्दल प्रश्न येतात. मॅथ्यू ते टाळत नाही. तो उलट प्रश्न टाकतो : फ्रान्सने अल्जीरियात राहायचे की नाही? राहायचे म्हणत असाल तर त्याची सगळी फळे स्वीकारा. लगेच पडद्यावर छळाची दृश्ये येतात. पाणी, वीज, गॅसची ज्योत आणि पाहणाऱ्या बायकांचे भिजलेले डोळे. दोन्ही बाजूंपासून दूर उभे राहता येते, असे मानणाऱ्या पॅरिसच्या सुजाण मंडळींना त्या कर्नलने तिथल्या तिथे उघडे पाडले आहे. चित्रपटातली तटस्थतेवरची सर्वांत कठोर टीका शत्रूपक्षाच्या अधिकाऱ्याच्या तोंडी आहे, आणि त्याच पात्राला आपण तटस्थतेचा पुरावा मानतो.

मॅथ्यूचा एक दावा मात्र मी तसाच सोडणार नाही. आमच्यातले कितीतरी जण नाझींविरुद्ध लढले, छळछावण्यांत राहिले, आम्हाला फॅसिस्ट म्हणू नका, असे तो बजावतो. तसे अधिकारी होते, हे खरे. पण त्याच शहरात पॉल तेतजाँही होते. ते अल्जीयर्स पोलिसांचे महासचिव. गेस्टापोने त्यांचा छळ केला होता, दाखाउची छळछावणी त्यांनी भोगली होती. अल्जीयर्सच्या कैद्यांच्या अंगावर त्यांनी तशाच खुणा पाहिल्या आणि राजीनामा दिला. लष्कराच्या ताब्यात गेलेल्या आणि पुन्हा न दिसलेल्या माणसांची त्यांची मोजणी होती ३,०२४. जनरल द बोलार्दिएर यांनीही या पद्धतीला विरोध करून पद सोडले आणि त्याबद्दल ६० दिवसांची किल्लेकैद भोगली. म्हणजे मॅथ्यू जे अटळ म्हणून सांगतो ते अटळ नव्हते. या दोघांपैकी कोणीच चित्रपटात नाही, आणि ही मला मोठी उणीव वाटते.

आता दुसऱ्या टोकाचा आक्षेप. काही जण तटस्थता नाकारतात आणि म्हणतात, हा एफएलएनचा प्रचारपट आहे, दहशतीचे गौरवगान आहे. त्यांनी ३० सप्टेंबर १९५६ ची नोंद आणि पडदा शेजारी ठेवून पाहावेत. झोहरा द्रीफ यांनी मिल्क बारमध्ये, सामिया लखदारी यांनी कॅफेतेरियामध्ये आणि जमिला बुहिरेद यांनी एअर फ्रान्सच्या कचेरीत बॉम्ब ठेवला. प्रत्यक्षात एअर फ्रान्सचा बॉम्ब फुटलाच नाही. चित्रपटात तिन्ही फुटतात. स्वतः बॉम्बचे जाळे उभारलेल्या माणसाने काढलेल्या चित्रपटात आपल्या पक्षाच्या खात्यावर एक स्फोट जास्तीचा मांडला आहे! प्रचारपट असे करत नाहीत. बॉम्ब ठेवणारी बाई कॅफेत नजर फिरवते आणि कॅमेरा तिच्या नजरेने आइस्क्रीम चाटणाऱ्या एका लहान मुलावर थांबतो. ते मूल तिला दिसले आहे, हे आपल्याला दिसते. तिने टोपली तरीही पायाने आत सरकवली, हेही दिसते. रस्त्यावरच्या दारुड्याला कास्बातली पोरे पायऱ्यांवरून फरफटत नेतात, रुग्णवाहिका पळवून तिच्यातून वाटेतल्या कोणावरही गोळ्या झाडल्या जातात. हे लपवावेसे निर्मात्यांना वाटले नाही.

मिल्क बारमध्ये त्या दिवशी खरोखरच पाच वर्षांची एक मुलगी आजीबरोबर आली होती. आजी गेली, मुलीचा पाय गेला. मोठेपणी ती पत्रकार झाली आणि २०१२ मध्ये तिने झोहरा द्रीफ यांना उद्देशून पत्ररूप पुस्तक लिहिले. द्रीफ यांचे उत्तर बदलले नाही : आम्ही युद्धात होतो, दोष त्या व्यवस्थेचा. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. वसाहतवाद नसता तर तो बॉम्ब नसता, हे मला पटते. पण ज्या हाताने बॉम्ब ठेवला त्याच्यावर त्या मुलीचे देणे राहतेच. न्याय्य बाजूचे असणे आणि निरपराधाच्या रक्ताचे देणेकरी असणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात. १९६६ मध्ये, स्वातंत्र्याला चारच वर्षे झाली असताना, हे पडद्यावर मांडायला धैर्य लागते. आपल्याकडचे ऐतिहासिक चित्रपट आजही त्या धैर्याच्या जवळपास पोचत नाहीत. आपल्या नायकाच्या तलवारीखाली फक्त दुष्टच मरतात.

या चित्रपटातले लग्नाचे दृश्य मला मराठी प्रेक्षक म्हणून फार जवळचे वाटते. कास्बाच्या एका चौकात एफएलएनचा माणूस वहीत नोंद करून तरुण जोडप्याचे लग्न लावतो, कारण परक्यांच्या कचेरीत जायचे नाही असे ठरले आहे. साताऱ्याच्या प्रतिसरकारने चाळीसच्या दशकात गावोगाव कमी खर्चाचे गांधी विवाह लावले, न्यायनिवाडे केले, दारूविरुद्ध मोहीम उघडली. कास्बातल्या दारूबंदीची, वेश्याव्यवसायावरच्या बंदीची दृश्ये पाहताना प्रतिसरकारच्या कुंडलची आठवण येते. प्रतिसरकारने खबऱ्यांना दिलेल्या शिक्षांबद्दल बोलताना आपण आवाज खाली घेतो. ते न लपवता, पण नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांची बाजूही न सोडता चित्रपट कसा काढता येईल, याचा वस्तुपाठ इथे आहे. ‘तटस्थ’ म्हणून तो बाजूला ठेवला की हा धडाही हातचा जातो.

मग या चित्रपटावर टीका करायचीच नाही का? जरूर करावी. एफएलएनने ज्या अल्जीरियनांना मारले ते यात फारसे नाहीत. मेसाली हाज यांच्या प्रतिस्पर्धी संघटनेशी चाललेले रक्तरंजित वैर नाही. १९५७ च्या मे महिन्यात मेलुझाजवळ त्या संघटनेच्या प्रभावाखालच्या गावात एफएलएनने सुमारे ३०० पुरुष कापले, ते अल्जीयर्सबाहेर घडले म्हणून कथेत बसत नव्हते, असे म्हणता येईल. पण त्या वैराची सावलीही पडद्यावर नाही. एफएलएनच्या बाजूने उभे राहिलेले युरोपीय नाहीत. फेर्नां इव्हतों या कामगाराने गॅसच्या कारखान्यात बॉम्ब ठेवला, तो फुटला नाही, कोणी मेले नाही, तरी ११ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचे शिर उडवले गेले. गणिताचे अध्यापक मोरिस ओदँ यांना त्याच वर्षी जूनमध्ये सैनिकांनी घरातून नेले आणि ते परतले नाहीत. ही माणसे आली असती तर लढाई जातीजातींतली नव्हती, वसाहतीच्या व्यवस्थेविरुद्ध होती, हे ठळक झाले असते. आणि बायका! त्या बॉम्ब नेतात, निरोप नेतात, पण बोलत जवळजवळ नाहीत. कोठड्यांत त्यांच्यावर झालेले अत्याचार चित्रपटात नाहीत. एफएलएनच्या लुइझेत इगिलाहरिझ यांनी आपल्यावरच्या बलात्काराबद्दल जाहीरपणे बोलायला २००० साल उजाडावे लागले. आपल्या बाजूच्या बायकांना मूक ठेवणे हा इथला दोष आहे, आणि चित्रपटाने बाजू घेतली आहे हे मान्य केल्यावरच तो नीट दिसतो.

फ्रेंच सत्तेला मात्र हा चित्रपट कधीच तटस्थ वाटला नाही. १९६६ मध्ये व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला तेव्हा फ्रेंच प्रतिनिधी मंडळाने बहिष्कार टाकला. फ्रान्समधल्या पडद्यावर तो १९७१ पर्यंत येऊ शकला नाही आणि आल्यावरही चित्रपटगृहांना धमक्या आल्या. कारण उघड होते. पत्रकार आन्री ॲलेग यांचे छळाबद्दलचे पुस्तक सरकारने १९५८ मध्ये जप्त केले होते, आणि तोच छळ आता कोट्यवधींना दिसणार होता. लार्बी बेन म्हीदी हे एफएलएनचे नेते फेब्रुवारी १९५७ मध्ये पकडले गेले आणि मार्चमध्ये मेले. कोठडीत गळफास घेतला, असे लष्कराने जाहीर केले. चित्रपटातही पत्रकारांना तेच सांगितले जाते, पण ते ऐकताना मॅथ्यूचा आणि पत्रकारांचा चेहरा पाहिला की कोणाचाच विश्वास बसलेला नाही हे कळते. २००१ मध्ये जनरल पॉल ओसारेस यांनी खून आपण केल्याचे कबूल केले. फ्रान्सच्या अध्यक्षांनी ते अधिकृतपणे मान्य केले १ नोव्हेंबर २०२४ रोजी. ओदँ यांच्याबाबत ती कबुली २०१८ मध्ये आली होती.

ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, इराक ताब्यात घेतल्यावर, आपल्या अधिकाऱ्यांना हा चित्रपट दाखवला. बंडखोर गटांनीही तो आपापल्या परीने अभ्यासला. दोन्हीकडच्यांनी त्यातून कार्यपद्धती उचलली, म्हणून तो दोन्हीकडचा ठरत नाही. लष्करी अधिकाऱ्यांना हवी होती ती कास्बा जिंकण्याची युक्ती. ऑक्टोबर १९५७ मध्ये अली ला पॉइंत लपलेले घर, बरोबर साथीदार हसीबा बेन बुआली आणि छोटा ओमर असताना, उडवून दिले जाते तिथे मॅथ्यूची लढाई संपते. चित्रपट तिथे संपत नाही. डिसेंबर १९६० मध्ये अचानक, कोणत्याही संघटनेच्या आदेशाविना, सारी कास्बा झेंडे घेऊन रस्त्यावर उतरते आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांत, जुलै १९६२ मध्ये, अल्जीरिया स्वतंत्र होतो. जिंकलेल्या लढाईने फ्रान्सला काहीच मिळवून दिले नाही, हे सांगणारा शेवट आपल्या बाजूबद्दल कोणतीही शंका ठेवत नाही.

फिल्म सोसायट्या चालवणाऱ्या, विद्यार्थ्यांना चित्रपट शिकवणाऱ्या मित्रांना माझे सांगणे आहे. पुढच्या वेळी हा चित्रपट लावाल तेव्हा पत्रकातून ‘तटस्थ’ काढा. त्या जागी ६० आणि ६० जागांचा हिशेब द्या, सेतीफची तारीख द्या, पॉल तेतजाँचा आकडा द्या. चित्रपट संपल्यावर मिल्क बारमधल्या त्या मुलीबद्दलही बोला. आणि मॅथ्यूचा प्रश्न प्रेक्षकांना पुन्हा विचारा. त्याचे उत्तर ‘नाही, फ्रान्सने तिथे राहायचे नव्हते’ असे आहे, आणि ते व्यासपीठावरून स्पष्ट शब्दांत द्या.